बिनटेबलाची सभा

"आधी हे टेबल भाईर काढा रं कुणीतरी."

सभेच्या जागी पाऊल टाकलं की भाऊंचं पहिलं वाक्य हे असायचं. नमस्कार नंतर, पाणी नंतर. कुणी जागचं हललं नाही तर ते स्वतः टेबलाचं एक टोक धरायचे आणि दुसऱ्या टोकाकडे बघत नुसते उभे राहायचे. अशा वेळी समोरच्या माणसाला आपोआप लाज वाटते आणि तो दुसरं टोक धरतो. टेबल गेलं की पाहुण्यांच्या खुर्च्या जायच्या, मग फुलदाणी, मग माइक. माइकवाल्या पोराला म्हणायचे, "तुजं भाडं तुला मिळंल, पण ह्याला झोपव." मग सतरंज्या गोल पसरायच्या आणि भाऊ स्वतः मधेच कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचे. नव्या माणसाला आजचा वक्ता कोण हे शोधावं लागायचं.

आता तुम्हीही सभा पाहिल्या असतील. एक जण बोलतो, बाकीचे पंख्याकडे बघतात आणि शेवटी आभार मानणारा सगळ्यांत जास्त वेळ घेतो. मी उभा जन्म तशा सभा घेतल्या, आणि सांगायला हरकत नाही, उत्तम घेतल्या. विषयपत्रिका, अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, वेळेवर चहा. कर्जतच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. माझ्या सभेत चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे ह्या माणसाने माझ्याच पालकसभेत माझंच टेबल उचललं तेव्हा माझं डोकं फिरलं. वर माझ्या आईने भरलेला टेबलक्लॉथ त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, हा जपून ठेवा. लय नाजूक काम हाय."

एका संस्थेने त्यांना मार्गदर्शक म्हणून पाठवलं होतं. मला वाटलं, भाषण करतील. हात्तिच्या! भाषण कसलं, त्यांनी पालकांना चार ओळी सांगितल्या. "आज आलीत तीच माणसं पाहिजे होती. नाय आलीत त्यांची वाट बघायची नाय. ज्याला जे खुपतंय ते त्यानं कागदावर लिवायचं आणि एक कोपरा धरायचा. ज्याला तेच खुपतंय त्यानं तिकडं जाऊन बसायचं. कंटाळा आला तर उठायचं, पाय दिलेत ना? आणि झालं की झालं, उगं ताणायचं नाय." एवढं बोलून ते बडीशेप चघळत बसले.

मी हट्टाने 'निकाल आणि शिस्त' असं कागदावर लिहून एक कोपरा धरला. माझ्या कोपऱ्यात फक्त आमचा शिपाई आला, तोही मला वाईट वाटू नये म्हणून. बाकी सगळी शाळा लोटली होती एका बाईच्या कोपऱ्यात. तिच्या कागदावर लिहिलं होतं, 'एस.टी. थांबत नाय.' संध्याकाळची गाडी मुलींना बघून पुढे निघून जायची. मी वर्षानुवर्षं डेपोला पत्रं लिहीत होते. त्या कोपऱ्यात बापांनी आपापसात पाळ्या ठरवल्या. रोज एक बाप थांब्यावर उभा राहणार, गाडीला हात करणार. दुसऱ्या आठवड्यापासून गाडी थांबायला लागली. मला बरं वाटलं आणि रागही आला.

भाऊ मूळचे लोधिवलीकडच्या एका बौद्ध वस्तीतले. खोपोलीच्या रस्त्याला एका कारखान्यात होते. तिथेच कसलंसं प्रशिक्षण घेऊन ही पद्धत शिकले. मी विचारलं, मग सोडली का नोकरी? तर हसून म्हणाले, "कंपनीनंच शिकवलं आन् कंपनीलाच झेपंना. कामगारांना म्हटलं, काय खुपतंय ते बोला. ते खरंच बोलायला लागले." तेव्हापासून ते गावोगाव हिंडायचे. निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. त्यांच्या बायकोच्या गुलाबी स्कूटीवर पुढे भाऊ आणि मागे मी, पर्स पोटाशी धरून. लोक बघायचे, पण बघोत.

आमचं भांडण मात्र कधी मिटलं नाही. माझं म्हणणं, माणसाला धाक आणि दिशा दोन्ही लागतात. त्यांचं म्हणणं, माणसाला जागा लागते. एकदा चौकजवळच्या एका गावात पाण्याच्या वेळा ठरवायला बसलो. भाऊंनी नेहमीप्रमाणे सगळं मोकळं सोडलं. गावातला एक दांडगट पुढारी उठला आणि 'पाय दिलेत ना' ह्या नियमाचा आधार घेऊन प्रत्येक घोळक्यात जाऊन बडबड करायला लागला. तो आला की बायका गप्प. भाऊ नुसते बघत राहिले. मग मी पर्समधून शाळेची पितळी घंटा काढली आणि जोरात वाजवली. म्हटलं, "एकेकाने बोलायचं. घंटा वाजली की तोंड बंद. तुम्ही शेवटी, पुढारीसाहेब." तासाभरात पाण्याच्या वेळा ठरल्या. परत येताना भाऊ म्हणाले, "बाई, आज घंटेनं वाचवलं. मोकळीक दिली की तिचा पैला घास दांडगा घेतो, हे मला अजून सुटत नाय." चूक मान्य करताना त्यांचा चेहरा इतका सरळ असायचा की पुढे बोलायला मजाच राहायची नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, प्राची. कर्जतला एका लॅबमध्ये कामाला होती. होळीच्या सुमाराला ती माझ्या घरी आली आणि चपला काढायच्या आधीच रडायला लागली. "बाई, आमच्याशी गावात कुणी बोलत नाय."

तिचं गाव कोंडाण्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही. आमच्याकडे गावात गावकी असते. ती सरकारी ग्रामपंचायतीहून वेगळी. देऊळ, पालखी, लग्नाची मोठी भांडी, मयताची लाकडं, सगळं तिच्या हातात. एका फार्महाऊसवाल्याला रस्ता हवा होता. गावकीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत हाय का?" सगळे गप्प. अशा बैठकीत गप्प म्हणजे मंजूर. फक्त प्राचीची आई, वनिता, उठून म्हणाली, "माझी हाय. माझ्या शेतातनं नाय देणार." वनिता विधवा, शेत एवढंच काय ते तिचं. त्या दिवसापासून तिला गावाने वाळीत टाकलं. जो तिच्याशी किंवा तिच्या पोरीशी बोलेल त्याला दंड. ह्याला कायद्याने बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कागदावर काही नाही. एकदा पोलीस येऊन गेले तर सगळं गाव म्हणालं, "आमी कुठं काय केलंय?"

आणि प्राचीचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. मुलाच्या मामाने निरोप पाठवला होता की गावाने टाकलेल्या घरी आमची वरात येणार नाही, पाडव्याच्या आत काय ते सांगा. मी म्हटलं, सरळ केस करा. तर प्राची म्हणाली, "आई म्हणते, पोलीस मांडवाच्या मेढी रोवायला येणार हायेत का?"

मी ताडकन उठले. अध्यक्षांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. त्यांच्याकडे गेले, दम भरला, देवळात सभा लावून घेतली. टेबल, माइक, सगळं माझ्या पद्धतीने. अध्यक्ष गोड माणूस, जेसीबीचा धंदा, पांढरा शर्ट. त्यांनीच माइक घेऊन विचारलं, "वनिताशी बोलायला कुणाची हरकत हाय का?" सगळे ओरडले, "नाय, नाय!" टाळ्या पडल्या. मी विजयी मुद्रेने घरी आले. दुसऱ्या दिवशी वनिता दळण घेऊन गेली तर चक्की बिघडलेली. तिच्या मागून आलेल्या बाईचं दळण मात्र झालं. दुकानात मीठ संपलेलं. प्राचीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी घरच्या खिडकीत उभी राहून त्या अध्यक्षाला जे काही बोलले ते इथे लिहिता येत नाही.

मग मी भाऊंना ओढून नेलं.

अध्यक्षांच्या ओसरीवर आम्ही बसलो. चहा आला. मला कपबशीत आणि भाऊंना कागदी पेल्यात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात भाऊ हळूच म्हणाले, "बाई, आज ह्यो विषय नाय. आज पोरीचं लगीन हाय." आणि शांतपणे तो चहा प्यायले. येताना पुलापाशी त्यांनी स्कूटी थांबवली आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊ, मला लाज वाटते." ते म्हणाले, "तुमाला का? मला राग आला नाय आसं नाय बाई. पण मी तिथं भांडलो आसतो तर ती सभा माझी झाली आसती. तिची नाय." त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं ते त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

ओसरीवर भाऊंनी अध्यक्षांकडे एकच मागणं केलं होतं. यंदा गावात बरीच लग्नं आहेत, वैशाखात पाणी कमी, तर 'आपल्या गावातली लग्नं नीट कशी व्हावीत' ह्यावर एक दुपार बसू. सगळ्यांनी यावं, वनितानेही. अध्यक्ष हसले. "येऊ दे की. तिच्याजवळ कोण जातंय ते मी पण बघतो. आन् कुणी नाय गेलं तर तुमी परत आमच्या गावात पाऊल टाकायचं नाय." भाऊ म्हणाले, "बरं."

बरं काय बरं! वाटेत मी स्कूटीवरच भांडले. "भाऊ, हा खेळ आहे का? कुणीच गेलं नाही तर पोरीचं लग्न सगळ्यांच्या देखत मोडेल."

"मोडंल."

"मोडेल म्हणजे?"

"मोडंल म्हणजे मोडंल, बाई. मी काय हमी घेऊन फिरतो का? गावानंच तिला टाकलं, गावानंच उचलाय पाहिजे. आपण उचलली तर आपण गेल्यावर परत खाली." मी उतरून उरलेला रस्ता चालत गेले. आठवडाभर फोनही केला नाही.

सभेच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात माणसं जमली. टेबल बाहेर गेलं. पण अध्यक्षांनी आपली खुर्ची सोडली नाही. ती घेऊन ते व्हरांड्यात वर बसले आणि भाऊंनी त्यांना काही म्हटलं नाही. मुलाचा मामाही आला होता, बोलावल्याशिवाय. भाऊंनी त्यालाही "आलात, बरं झालं" म्हणून बसवलं. मग तेच सांगणं: खुपतंय ते लिहा, जागा धरा, वाटेल तिथं जा. कागद लागले. कुणी पाणी, कुणी मांडव, कुणी जेवण. घोळके झाले, गलका सुरू झाला. वनिता उठली. तिच्या कागदावर प्राचीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्राचीचं लग्न'. पटांगणाच्या पार टोकाला कडुलिंबाचं झाड होतं. तिने तो कागद त्याच्या खोडाला बांधला आणि मायलेकी खाली बसल्या.

कुणी गेलं नाही.

पाण्याच्या घोळक्यात लोक मोठमोठ्याने बोलत होते, गरजेपेक्षा मोठ्याने. सगळ्यांच्या पाठी लिंबाकडे. प्राची ओढणीचं टोक उसवत बसली होती. वनिता समोर बघत होती, कुठे ते तिलाच ठाऊक. मामाने घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं. उन्हाने माझं डोकं भणभणत होतं. मला ते बघवेना. मी उठले, म्हटलं मी जाऊन बसते. भाऊंनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. "बाई, तुमी नाय. तुमी गेलात तर गाव सुटलं."

"मग निदान काहीतरी बोला!"

"नाय."

वरून अध्यक्षांचा आवाज आला. सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा. "बघा बाई. कुणाला जायचंच नाय. आमी काय कुणाला धरून ठेवलंय?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते घाबरले होते. खिशातली बडीशेप केव्हाच संपली होती आणि ते रिकामंच तोंड हलवत होते. कपाळावरून घाम चष्म्यावर ओघळत होता, तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या हातात काहीही नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःच तसं ठेवलं होतं. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे आणि आम्ही एका पोरीचा गळा कापतोय.

जेवणाच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर. गावातल्या प्रत्येक लग्नात भाताची चूल तिच्या ताब्यात. आणि अध्यक्षांची सख्खी आत्या. ती पटांगण ओलांडून चालत निघाली. एकेक घोळका बोलायचा थांबला. ती लिंबाखाली गेली, पदराने जागा झाडली आणि वनिताकडे अर्धी पाठ करून बसली.

"आत्ये," अध्यक्ष उभे राहिले, "कुठं बसलीस? दंड ठाव हाय ना?"

"दंड बोलण्याला हाय," आत्या म्हणाली. "मी कुठं कुणाशी बोलले? तिकडं ऊन लागत होतं."

आत्याने झाडाकडे मान वर केली. "लिंबा, तुला म्हणून सांगते. लग्नाला तांदूळ जुना घ्यावा. नव्याचा भात चिकाट होतो."

वनिताने आत्याकडे पाहिलं. मग तिनेही झाडाकडे पाहिलं. "लिंबा, जुना हाय घरात. पोरीसाठीच ठेवलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. एक बाई उठली, तिच्यामागून दुसरी. "लिंबा, वाल किती लागतील रं?" "लिंबा, पाण्याचा टँकर आमच्या दीराचा हाय बग." पोरं उठली, मांडवाच्या घोळक्यातले गडी उठले. ज्याला त्याला त्या झाडाशी बोलायचं होतं. गेल्या कित्येक महिन्यांचं तुंबलेलं सगळं लोक त्या झाडाला सांगत होते, आणि वनिता पदर तोंडात धरून रडत झाडालाच उत्तरं देत होती. शेवटी मुलाचा मामा खाकरला, उठून तिकडे गेला आणि म्हणाला, "लिंबा, आमच्याकडनं माणसं जरा जास्तच येतील. आधी सांगून ठेवतो." मग मात्र सगळं पटांगण हसलं. प्राचीसुद्धा.

अध्यक्ष हसले नाहीत. खुर्ची तिथेच ठेवून ते निघून गेले.

भाऊ सतरंज्या गुंडाळायला लागले होते. "झालं की झालं," एवढंच म्हणाले. वाटेत मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, कुणीतरी उठेल म्हणून?" त्यांनी स्कूटी हळू केली. "नाय बाई. मला तर वाटलं, मोडलं लगीन."

लग्न झालं. गावकीच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडे असते. हळदीच्या दिवशी सकाळी बायका गेल्या तर कुलूप उघडं होतं. कुणी उघडलं ते कुणी विचारलं नाही. रस्ता वनिताच्या बांधाला वळसा घालून गेला. दंडाचं नाव कुणी काढलं नाही, दुकानात मीठ मिळायला लागलं, चक्की दुरुस्त झाली. भाऊंना वनिताने दोनदा आमंत्रण दिलं, पण ते गेले नाहीत. तिथे गेलो तर लोक हार घालतील ही त्यांना धास्ती.

पण एक राहिलंच. अध्यक्ष वनिताशी बोलत नव्हते. रस्त्यात समोर आली तर फोन काढून कानाला लावायचे. आणि गावकीत जोवर अध्यक्ष बोलत नाही तोवर माणूस आत आलं असं धरत नाहीत. वनिता मला म्हणाली, "बाई, पोरीचं झालं, सोनं झालं. पण मी अजून उंबऱ्याच्या भाईरच. उद्या ह्यांनी मनात आणलं तर परत लिंबाशीच बोलायचं." मी भाऊंच्या मागे लागले की आणखी एक सभा घ्या, त्या माणसाला एकदा गोलात बसवा. भाऊ म्हणाले, "ढकलून आणलेला माणूस गोलात बसत नाय, बाई. नुसता अडकतो. तो येईल तवा येईल." मी म्हटलं, "आणि नाही आला तर?" त्यांनी खांदे उडवले. असा राग यायचा मला!

थंडीत भाऊ गेले. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. मला फोन आला तेव्हा मी विश्वासच ठेवला नाही. आदल्या दिवशी तर आम्ही घंटेवरून भांडलो होतो.

त्यांच्या वस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कारखान्यातले जुने सोबती, कुठल्या कुठल्या वाड्यांवरच्या बायका. त्रिशरण झालं, पंचशील झालं. त्यांची बायको माझा हात धरून बसली होती. तेवढ्यात कोंडाण्याकडून एक टेंपो आला. आधी आत्या उतरली, मग बायका, मग वनिता. आणि ड्रायव्हरच्या शेजारून अध्यक्ष. मी बघतच राहिले. ते कुणाशी काही बोलले नाहीत. गर्दीतून पुढे आले, भाऊंच्या पायांवर फुलं वाहिली आणि बाजूला जाऊन भिंतीशी उभे राहिले. स्मशानातून परत आल्यावर भाऊंच्या घरी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं.

निघायच्या वेळी आत्याचे गुडघे आखडले होते. तिला वर चढवेना, म्हणून तिला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. अध्यक्षांना मागे चढावं लागलं. हौद्यात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि अगदी कडेला, फाळक्यापाशी, वनिता. अध्यक्ष खाली उभे. फाळक्यावर हात ठेवलेला, पण चढत नव्हते. हौद्यातलं बोलणं हळूहळू थांबलं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

"वनिता," अध्यक्ष म्हणाले, "जरा सरक गं."

ती हललीच नाही. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मग तिने एकदम पदर सावरला, शेजारणीला कोपर मारून आत सरकवलं आणि जागा केली. अध्यक्षांचा पाय घसरला तसा तिने हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला. ते वर येऊन तिच्या शेजारी बसले, गुडघे छातीशी घेऊन.

टेंपो हलला तेव्हा ते तिला काहीतरी विचारत होते. "पोरगी बरी हाय ना सासरी?" असं असावं, कारण वनिताने मान हलवली आणि "बरी हाय" म्हणाली, ते मला स्पष्ट ऐकू आलं. टेंपो हायवेला लागला आणि मी भाऊंच्या दारात उभी राहून, एवढ्या माणसांसमोर, हुंदके देऊन रडले.